कुंभाराने न उमटवलेला पंजा

पुष्कळ वर्षांपूर्वी, आज ज्याचे नावही कुणाला आठवत नाही असे एक डोंगराळ राज्य होते. तिथला पाऊस लहरी. म्हणून चांगल्या साली जो तो आपले जास्तीचे धान्य राजाच्या कोठीत ठेवी आणि वाईट साली परत आणी. कोठीवर एक कोठीवाला नेमलेला होता.

आता माणसे आली तिथे चुका आल्या, लबाड्याही आल्या. राजाला हे ठाऊक होते. त्याने रीत घालून दिली होती. ज्याची तक्रार असेल त्याने ओल्या मातीच्या पाटीवर पंजा उमटवावा आणि ती पाटी कोठीच्या दारात ठेवावी. महिनाभरात कोठीवाल्याने दाद दिली नाही, तर तीच पाटी घेऊन टेकडीवर जावे. तिथे राजाने नेमलेली एक म्हातारी बसे. ती स्वतः कोठीत उतरून धान्य तपाशी, निवाडा करी, आणि कुणाकडून दमडीही घेत नसे. मात्र नवे पीक येण्याआधी तिच्याकडे जावे लागे. नवे पीक आले की कोठी सारवून पुन्हा भरत, मग जुन्याचा माग उरत नसे.

या पाट्या गावचा कुंभार घडवी.

एका वर्षी दुष्काळ पडला. कुंभार आपली पाच पोती आणायला गेला. कोठीवाल्याने दोनच दिली.

"तुझी एवढीच होती," तो गोड हसून म्हणाला.

कुंभार चडफडत परतला. पारावर बोलला, विहिरीवर बोलला, सासुरवाडीला जाऊनही बोलला. सगळ्या गावाला त्याची कहाणी पाठ झाली. कोठीच्या दारात मात्र तो एक शब्द बोलला नाही.

"अहो, गावाला पाट्या तुम्ही पुरवता," बायको म्हणाली. "एक आपल्यासाठी करा की!"

"अगं, आपल्या पोरीच्या लग्नात ते पंगतीला बसले होते. त्यांच्या दारात पाटी ठेवू? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. आपण खायचं काय?"

"बघू पुढच्या महिन्यात."

त्याच सुमारास गावातल्या तेलिणीलाही धान्य कमी मिळाले. तिने कुंभाराकडून पाटी नेली, पंजा उमटवला, महिनाभर वाट पाहिली आणि सरळ टेकडी चढली. म्हातारी तिच्याबरोबर खाली आली. कोठीवाल्याला सगळे धान्य द्यावे लागले, वर त्रासापोटी एक पायली जास्त.

कुंभाराने हे पाहिले. तरी त्याची भीड काही सुटेना.

घरात बायको आपली भाकरी त्याच्या ताटात सरकवी. "मला भूक नाही," म्हणे. तो विश्वास ठेवी, कारण विश्वास ठेवणे सोयीचे होते. शेतात नवी कणसे डोलू लागली तेव्हा तिने अंथरूण धरले. खळ्यावर मळणी सुरू झाली, त्या दिवशी ती गेली.

मग कुंभाराने पाटी केली. पंजा उमटवून दारात ठेवली. महिना सरला, कुणी विचारले नाही. तो टेकडीवर गेला.

म्हातारीने पाटीवरून बोटे फिरवली. "इतके दिवस कुठं होतास रे?"

"भिडेपोटी राहिलो, आई."

"कोठी सारवून भरली आता. तुझ्या पोत्यांचा माग कुठं शोधू?" तिने पाटी त्याला परत दिली. "खरं तुझंच असणार. पण माझ्या हातात आता काही नाही, बाळा."

कुंभार पाटी घेऊन उतरला. वाटेत कोठीवाला भेटला.

"राम राम! बरं आहे ना सगळं?"

कुंभाराने पाटी काखेत धरली आणि सवयीने त्यालाही राम राम केला. मग तो त्या रिकाम्या घरी गेला.

तात्पर्य: झालेला अन्याय गावभर सांगून भागत नाही, तो योग्य दारात आणि वेळेत सांगितला, तरच न्याय देणाऱ्याला काही करता येते.