लॉग फाईलची आज्ञाधारकता

यंत्रांनाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका रक्तपेढीच्या सर्व्हरमध्ये डेटाबेस रक्तदात्यांची नावं सांभाळायचा आणि शेजारी राहणारी लॉग फाईल घडेल ते लिहून ठेवायची. व्यवस्थापक मुरकुटेसाहेबांनी तिला बजावलं होतं, "सगळं लिही. काही पुसू नकोस."

मग काय विचारता! "कुणी आलं." "कुणीच आलं नाही." "सगळं ठीक आहे." "अजूनही ठीक आहे." बाई अखंड लिहीत राहिल्या.

"ताई, जुनं थोडं पुसा ना. मला हलायलाही जागा उरली नाही," डेटाबेस काकुळतीला आला.

"साहेबांचा हुकूम आहे," लॉग फाईलने मान न वळवता सांगितलं.

एका दुपारी दुर्मिळ रक्तगटाचा दाता तातडीने शोधायचा होता आणि नेमका तेव्हाच डेटाबेस गुदमरून बंद पडला. पेढीतल्या सिस्टर लतिफांना अशा एका दात्याचा नंबर तोंडपाठ होता, म्हणून रुग्ण वाचला.

साहेब लॉग फाईलवर कडाडले, "जागा संपतेय हे आधी सांगता येत नव्हतं?"

"चाळीस हजार वेळा लिहिलंय, साहेब. आपण एकदाही वाचलं नाहीत."

साहेब गंभीर झाले. त्यांनी ताबडतोब दुसरी लॉग फाईल नेमली. पहिली जे जे लिहील, ते सगळं तिने पुन्हा लिहायचं होतं.