बद्द वाजलेला टोला

पुष्कळ पूर्वी, राजे बदलत पण गावांचे रिवाज बदलत नसत अशा काळी, डोंगराच्या कुशीत ख्रिस्तभक्तांचे एक गाव होते. लहानथोर वाचकहो, त्या गावाची ही कथा आहे.

गावाच्या प्रार्थनामंदिरावर एक मोठी घंटा होती. प्रार्थनेच्या वेळी ती घणघणत असे. परंतु कोणी मृत्यू पावले, तर मूठमाती देताना तिचा एकच टोला दिला जाई. हा टोला कधी खणखणीत निघे, कधी बद्द. त्यावरून लोकांनी एक समजूत करून घेतली होती. टोला खणखणीत वाजला, तर देवपित्याने त्या जीवाला पदरात घेतले; बद्द वाजला, तर पापांमुळे त्याला दारातूनच परतवून लावले. मंदिराचे धर्मगुरू पाळकबाबा सांगत की तारण प्रभूच्या हाती आहे, घंटेच्या नाही. लोक माना डोलावीत, आणि पुढच्या दफनाच्या वेळी पुन्हा कान टवकारीत. आया तर हट्टी मुलांना म्हणत, "नीट वाग, नाही तर तुझा टोला बद्द वाजेल."

टोला बद्द का वाजतो, हे गावात एकाच माणसाला ठाऊक होते. तो म्हणजे ती घंटा ओतणारा ओतारी.

घंटेसाठी लोकांनी घरोघरची काशाची भांडी दिली होती. एका विधवेने आपल्या माहेरची थाळी दिली. ती अशी सुरेख होती, की नखाने टिचकी मारली तरी तिचा नाद ओसरीभर फिरत राही. ओतारी नादाचा लोभी. त्याचा जीव त्या थाळीवर जडला. त्याने ती लपवली आणि मुशीत तितक्याच वजनाचे शिसे घातले. एवढ्या मोठ्या घंटेत एवढेसे शिसे कोणाला कळणार, असे त्याने मनाशी म्हटले. परंतु शिसे काशात मुरले नाही; घंटेच्या एका कडेला साचून राहिले. वाऱ्याने घंटा किंचित फिरे, आणि लोलक नेमका त्या कडेवर आदळला की आवाज बसे. प्रार्थनेच्या अनेक टोल्यांत ते झाकून जाई. एकट्या टोल्यात झाकत नसे.

पहिला बद्द टोला त्या विधवेच्याच मुलासाठी वाजला. पुरात अडकलेले वासरू काढायला गेलेला तो तरुण बुडाला होता. टोला ऐकताच लोकांनी एकमेकांकडे पाहिले, आणि ती समजूत तेथेच रुजली. आईने मान खाली घातली. ओतारी हातात माती घेऊन तेथेच उभा होता. शब्द त्याच्या ओठांवर आले. पण बोलावे तर थाळी दाखवावी लागणार होती. त्याने माती टाकली आणि तो घरी गेला.

त्या दिवसापासून त्याने चांगुलपणाचा ध्यास घेतला. गरिबांची भांडी तो फुकट सांधून देई, उपास करी, दफनभूमी झाडी. लोक त्याला भला माणूस म्हणत, आणि ते ऐकून त्याला अन्न गोड लागत नसे. कल्हईने भांडे उजळते, पण भोक बुजत नाही, हे ओताऱ्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

अशीच वर्षे गेली. ओतारी म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला. मरणाची त्याला भीती वाटे. पित्याच्या दारात उभे राहून काय सांगायचे, हे त्याला सुचत नव्हते. अशा अवस्थेत एके सकाळी ती विधवा काठी टेकीत त्याच्या घरी आली.

"ओतारीदादा," ती म्हणाली, "घंटा तुम्ही ओतलीत, म्हणून तुम्हालाच विचारते. तिची कधी चूक होते का?"

आज इतक्या वर्षांनी हे का विचारता, असे त्याने चाचरत म्हटले.

"पाळकबाबा म्हणतात, तुझे वय झाले, आता स्वर्गासाठी प्रार्थना कर. मी करीत नाही. जिथे माझा लेक नाही, तिथे मला काय करायचे आहे? त्याला जिथे ठेवले असेल, तिथेच मलाही ठेव, एवढेच मी देवाला सांगून ठेवले आहे."

आपले शिसे घंटेत नव्हे, या बाईच्या प्रार्थनेत जाऊन बसले आहे, हे ओताऱ्याला दिसले. त्याने उशाखालून काळवंडलेली थाळी काढली, तिच्यासमोर ठेवली आणि काहीही न वगळता सर्व सांगितले.

तिने थाळी हातात घेतली.

"मागितली असतीत, तर मी दिली असती," ती म्हणाली. मग थाळी पदराखाली घेऊन, मागे न पाहता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

"काल घरी जाऊन तुम्हाला पोटभर शिव्या दिल्या," ती म्हणाली. "मग देवाकडे स्वतःसाठी क्षमा मागायला बसले, तर तुम्ही आडवे आलात. तुम्हाला ओलांडून जाता येईना. म्हणून तुम्हाला क्षमा केली. आता माझी वाट मोकळी आहे, आणि तुमचीही."

ओतारी लहान मुलासारखा रडला. मग त्याने स्वतःला खाटेसह मंदिरात उचलून न्यायला लावले आणि गावापुढे आपला अपराध कबूल केला.

लोक खवळले. "आमच्या मेलेल्यांची अब्रू तू एका थाळीत वाढून खाल्लीस," एक जण म्हणाला. मेल्यावर याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरावे, असेही कोणी सुचवले.

पाळकबाबा शांतपणे म्हणाले, "घंटेत शिसे याने घातले. पण तिला न्यायासनावर कोणी बसवले?"



नवी घंटा ओतण्याचे ठरले. जुनी उतरवून फोडली, साचलेले शिसे छिनीने काढून टाकले आणि भट्टी पेटवली. विधवेने थाळी स्वतःच्या हाताने मुशीत सोडली. खाटेवर पडून ओतारी ज्वाळेचा रंग पाहत होता. काशाचा रस साच्यात उतरण्यापूर्वीच, चेहऱ्यावर समाधान घेऊन, त्याने डोळे मिटले.

दफनाच्या वेळी मंदिराचा मनोरा रिकामाच होता. घंटा आल्यापासून टोल्यावाचून मूठमाती कधी दिली गेली नव्हती. लोक घुटमळले, सवयीने त्यांच्या नजरा वर गेल्या. याला पित्याने पदरात घेतले की परतवून लावले, हे आता कळावे कसे?

तेव्हा विधवा पुढे झाली आणि तिने पहिली मूठ टाकली.

"याने सर्वांत जास्त नुकसान माझे केले, आणि मी याला क्षमा केली," ती म्हणाली. "माझ्यासारख्या तिरसट बाईला जे जमले, ते देवपित्याला जमणार नाही, असे इथे कोणाला वाटते काय?"

कोणीतरी हसले, आणि सर्वांच्या छातीवरचा दगड उतरल्यासारखे झाले. मग एकेकाने पुढे होऊन माती दिली. आपापल्या बद्द टोल्यांची दुःखे मनात बाळगणारी माणसे त्या दिवशी हलक्या पावलांनी घरी गेली.

पुढे यथाकाल ती विधवाही वारली. नव्या घंटेचा टोला पडला. तो कसा वाजला, हे मागाहून कोणालाच सांगता आले नाही. कारण तिला निरोप देताना सारा गाव गात होता.

तात्पर्य: लपवलेल्या पापावर सत्कर्मांची कल्हई टिकत नाही; जो ते कबूल करून क्षमेला शरण जातो, त्याच्यासाठी मरणापलीकडेही पित्याचे दार उघडेच असते.