फेसातली वाट

बाळांनो, खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या खडकाच्या कपारीत एक पाणमांजरी राहत असे. तिला एकच पिल्लू होते आणि त्याच्यापायी तिचा जीव सारखा टांगणीला लागलेला असे. खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पाण्याखाली वाळू साठून उंचवटे झाले होते. समुद्रातून डौलात येणारी लाट तिथे पोचली की तिचे पाय वाळूत अडखळत, आणि ती डोक्यावर आपटून नुसता फेस होई. पाणमांजरी पिल्लाला रोज बजावी, "त्या पांढऱ्या पाण्याकडे फिरकायचं नाही. मधल्या सपाट पाण्यात खेळ हवं तेवढं."

पिल्लू आईचे ऐकणारे. एका सकाळी ओहोटी लागली तेव्हा ते सपाट पाण्यातच खेळायला उतरले. पण खाडीचे सगळे पाणी त्याच मधल्या खोल वाटेने समुद्राकडे धावत होते. वर एक तरंग नाही आणि खाली ओढ अशी, की पिल्लू बघता बघता खाडीच्या तोंडाबाहेर गेले. कोळ्यांनी जाळ्यासाठी रोवलेला एक बांबू आडवा आला म्हणून वाचले. त्याला मिठी मारून ते ओरडू लागले, "आई! पंजे निसटतायत गं!"

पाणमांजरीने उडी टाकली. सपाट पाण्याने तिला क्षणात बांबूपाशी नेले. पिल्लाला पाठीवर घेऊन ती आल्या वाटेने परत फिरली. ती पोहत होती, पोहतच होती, आणि बांबू मात्र शेपटीमागे होता तिथेच! बांबूच्या टोकावर एक कुरव पक्षी बसला होता. तो हसला, "काय गं बाई, जागच्या जागी पोहायची ही नवी तऱ्हा का? रस्ता कसा गुळगुळीत आहे. मार की जोर!"

"तुला पंख आहेत रे, तुला काय होतंय बोलायला!" पाणमांजरी म्हणाली. तिने पुन्हा जोर मारला, तरी बांबू शेपटीमागेच. पाय जड झाले. एवढ्यात तिला फेसात एक लाकडाचा ओंडका दिसला. तो उलटासुलटा होत होता, गडप होत होता, पण प्रत्येक लाटेसरशी किनाऱ्याकडे सरकत होता.

"बाळा, आपल्याला फेसात जायचंय."

"पण तूच म्हणायचीस ना, तिकडे फिरकायचं नाही!"

"म्हणायचे. चुकत होते. आता मान घट्ट धर. लाट आली की श्वास कोंड, गेली की घे."

ओढीशी झगडणे सोडून ती आडवी पोहत फेसात शिरली. पहिल्याच लाटेने दोघांना पार उलटे केले. नाकातोंडात वाळू गेली, वर कुठे नि खाली कुठे कळेना. पिल्लाची पकड सुटली, तशी तिने त्याची मान दातांत धरली. दुसरी लाट आली, पुढे ढकलून गेली. मधल्या उसंतीत ती पाय मारीत राहिली. मग एका मोठ्या लाटेने दोघांना उचलले आणि धोब्याने कपडा आपटावा तसे ओल्या वाळूवर आपटले.

पिल्लू खोकले, शिंकले आणि आईला बिलगले. कुरव वरून घिरटी घालीत ओरडला, "अगं, एवढं आपटून घेतलंस, त्या सपाट पाण्यात काय वाईट होतं?"

"वाईट काहीच नव्हतं," पाणमांजरी धापा टाकीत म्हणाली, "पण ते समुद्राला चाललं होतं, आणि आम्हाला घरी यायचं होतं."

तात्पर्य : सोपी दिसते म्हणून वाट धरू नये आणि भीती वाटते म्हणून सोडू नये, ती कुठे नेते ते आधी पाहावे, आणि मग जीव तोडून पुढे जावे.