लिफ्टमधला पत्रा

अकरा मजली नव्या इमारतीचा रंगही वाळला नव्हता, तेव्हाची गोष्ट. लिफ्टच्या भिंतीला आरशासारखा स्टीलचा पत्रा होता. पण लोकांच्या सामानाने त्याच्यावर ओरखडे पडतील म्हणून बिल्डरने त्याला प्लायवूडने झाकून टाकलं.

"अरे ठोंब्या," पत्रा आतून रोज धुसफुसायचा, "मी दिसलो ना, की लोक उतरायचं विसरतील!"

"असेल बाबा," म्हणत प्लायवूड आणखी एक ओरखडा अंगावर घ्यायचं.

दोन वर्षांनी प्लायवूड निघालं. पत्रा छाती काढून उभा राहिला. पण कुणी भांग सारखा केला, कुणी दातात अडकलेली कोथिंबीर काढली. जो तो स्वतःलाच पाहून उतरला. सहाव्या मजल्यावरच्या वत्सलाबाई मात्र एकटक बघत राहिल्या. पत्रा हरखला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "इथे प्लायवूडवर प्लंबरचा नंबर लिहिला होता, तो कुठे गेला?"

पुढच्या महिन्यात कुणाचंसं कपाट यायचं होतं, म्हणून तेच प्लायवूड परत आणलं. पत्र्याला स्वतःचंच हसू आलं.

"या, प्लायवूडराव," तो म्हणाला, "फक्त नंबराची बाजू बाहेर असू द्या. माझं काय, माझ्यात बघण्यासारखं जे होतं, ते लोक उतरताना बरोबर घेऊन गेले."