कवड्याची चंदी

धारवडीच्या नदीकाठी, उंबरांच्या सावलीत श्रीसहजगिरी महाराजांची मठी होती. महाराज मूळचे कुठले, हे कुणाला ठाऊक नव्हते. एका चातुर्मासात ते नदी उतरून आले, उंबराखाली बसले आणि गाव त्यांचा झाला. कुणी दुःख घेऊन आला की महाराज आधी विचारीत, "जेवलास का?" तो नाही म्हणाला, तर आधी त्याला भाकरी वाढायला लावीत आणि मग त्याचे ऐकून घेत. भक्तहो, त्या भाकरीनेच निम्मे दुःख हलके होई!

नदीपलीकडच्या माळावर तिथल्या सरदारांची घोड्यांची मोठी पागा होती. पागेवर हिरोजी बाबर नावाचे चाबुकस्वार होते. कसलेही अडेल घोडे त्यांच्या हाताखाली सरळ होई. विद्या मोठी, पण अभिमान तिच्याहून मोठा. देवधर्माचे नाव काढले की ते मिशीवर हात फिरवून म्हणत, "माझा देव या चाबकाच्या टोकाला आहे."

याच पागेत सटवाजी नावाचा मोतद्दार घोड्यांचे दाणापाणी बघत असे. गरीब, अबोल माणूस. गुरुवारी नदी उतरून महाराजांच्या दर्शनाला जायचा, एवढाच त्याचा चुकारपणा. त्यावरून हिरोजी त्याची चारचौघांत थट्टा करीत, आणि सटवाजी खाली मान घालून घोड्यांना खरारा करीत राही.

त्या वर्षी पागेत कवड्या नावाचे एक शिंगरू होते. तांबड्या अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, मान उंच, डोळा पाणीदार. पण चंदीची, दाण्याची वेळ झाली की त्याच्या अंगात जणू वारे शिरे! भिजवलेले हरभरे समोर आले रे आले की ते कान मागे पाडी, पुढच्या पायांनी गव्हाणीवर दणादण टापा हाणी. घासभर हरभरे तोंडात कोंबून कोपऱ्यात पळे, तिथे न चावताच गिळी आणि ठसकत परत येई. जवळ माणूस असो की घोडे, त्याला चावा बसलाच. सटवाजीच्या खांद्यावर दातांचे वळ उठले होते. एरवी उभ्या उभ्या गव्हाणीचे लाकूड कुरतडी, माती चाटी. खाऊन अंगी लागत नव्हते; बरगड्या दिसू लागल्या होत्या.

"मस्ती आहे ती," हिरोजी म्हणाले. "उपाशी ठेवा. चंदीपाशी खोडी केली की चाबूक ओढा. आपोआप वळणावर येईल."

पण झाले उलटेच. उपाशी ठेवले तसे ते जास्तच पिसाळले. शेवटी हिरोजी संतापून म्हणाले, "दसऱ्याला सरकार पागा बघायला येणार. तोवर हे सुधारले नाही, तर गोळी घालायची. असले जनावर एखाद्याचा जीव घेईल."

कवड्याची आई ते अंगावर पीत असतानाच गेली होती. सटवाजीच्या बायकोने, मैनाने, त्याला वाटीने शेळीचे दूध पाजून वाचवले होते. गुरुवारची वाट न बघता सटवाजी त्याच दुपारी मठीवर गेला आणि महाराजांच्या पायांशी बसून रडू लागला.

महाराजांनी सारे ऐकून घेतले. मग विचारले, "शेळीचं दूध सुटल्यावर त्याला कुठे बांधलं होतं?"

"थोरल्या शिंगरांत सोडलं होतं, महाराज. एकाच गव्हाणीवर."

"आणि त्याच्या वाट्याला किती यायचं?"

थोरली शिंगरे त्याला ढुशा देऊन बाजूला सारीत, हे सटवाजीने डोळ्यांनी पाहिले होते.

महाराज म्हणाले, "अरे, ते मस्तवाल नाही, भ्यालेलं आहे. समोरचा घास कुणी तरी हिसकावणार, असं त्याला वाटतं. त्याला वेगळं बांध. आधी पोटभर गवत दे, मग थोडी थोडी चंदी, दिवसातून चार वेळा. गव्हाणीत नदीतले मोठे गोटे ठेव, म्हणजे हरभरे वेचून खावे लागतील, गिळता येणार नाहीत. आणि चंदी ठेवून पळू नकोस. त्याच्याकडे पाठ करून बस आणि नाम घे. पाठ केलेला माणूस काही हिसकावत नाही, हे त्याला कळू दे."

"आणि तरी चावलं तर?"

महाराज दाढीतल्या दाढीत हसले. "मी आहे ना!"

दुसऱ्या दिवसापासून सटवाजीने तसेच सुरू केले. हिरोजींनी ते पाहिले आणि त्यांना हसू आवरेना. "अरे, या रे, बघा! सटवाजीबुवा शिंगराला कीर्तन ऐकवतायत! गव्हाणीत धोंडे काय ठेवलेत, देव मांडलेत वाटतं!" सारी पागा हसली. सटवाजीचे ओठ तेवढे हलत राहिले.

हळूहळू कवड्याच्या टापा कमी झाल्या. कोपऱ्यात पळणे थांबले. एकदा तर खाता खाता त्याने सटवाजीच्या पाठीला नाक लावले आणि ते पुन्हा हरभरे वेचू लागले. सटवाजीच्या डोळ्यांत पाणी आले. पण दुसरे कुणी त्याच्या ठाणाच्या आडव्या बांबूपाशी आले की कान पुन्हा मागे पडत. हिरोजी म्हणत, "एका माणसाला न चावणं म्हणजे सुधारणं नव्हे."

दसरा तोंडावर आला. एके दिवशी दुपारी सटवाजीने चंदी घातली आणि तो बसणार तोच हिरोजींनी मुद्दाम हाक मारली, "सटव्या, नाम पुरे झालं! खोगिरं उन्हात टाक आधी." हुकूम मोडता येईना. सटवाजी उठून गेला.

त्याच वेळी हिरोजींची नात ठकी आजोबांना शोधत पागेत आली. नुकती बोलू लागलेली पोर. आडव्या बांबूखालून ती वाकून आत शिरली, ती नेमकी कवड्याच्या ठाणात! गव्हाण जमिनीलगतच होती. तिच्यापाशी फतकल मारून ठकी गोट्यांमधले हरभरे वेचून खाऊ लागली.

हिरोजींनी ते पाहिले. कवड्याचे कान मागे पडले होते, पुढचा पाय वर उचलला होता आणि त्या खुराखाली पोरीचे डोके होते. हिरोजींचा हात चाबकाकडे गेला. धावत आलेल्या सटवाजीने तो मनगटाशी घट्ट धरला.

"नका, हिरोजीराव! चाबूक दिसला तर ते बिथरंल. पोर जाईल!"

साऱ्या मुलखातली घोडी वळणावर आणणारा तो माणूस जागच्या जागी उभा राहिला. काय करावे ते त्याला सुचेना. सटवाजीने डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, आता तुम्हीच!"

काय सांगावे, भक्तहो! कुणी मानेवर अलगद हात ठेवावा, तसे कवड्या एकदम निवले. उचललेला पाय सावकाश, पोरीला चुकवून, बाजूला टेकला. कान पुढे आले. ठकीने वर बघितले, मुठीतले हरभरे पुढे केले, आणि ज्याने सटवाजीखेरीज कधी कुणाला गव्हाणीपाशी उभे राहू दिले नव्हते, त्या शिंगराने नुसत्या ओठांनी ते टिपून घेतले. एक घास त्याला, एक हिला. ठकी खिदळत होती. मग ती आपण होऊन उठली आणि बांबूखालून बाहेर आली.

हिरोजींनी तिला छातीशी धरले. "पोरी, भ्याली नाहीस?"

"आजोबा होते ना," ठकी म्हणाली. "दाढीवाले. घोड्याला धरून बसले होते. मला म्हणाले, आता घरी जा."

ठाणात कवड्याखेरीज कुणी नव्हते.

हिरोजींनी पोरीला घरी पोहोचवले आणि तसेच, डोक्याला पागोटे नाही, पायांत जोडे नाहीत, सटवाजीला घेऊन नदी उतरले. मठीत भक्तमंडळी चकित होऊन बसली होती. त्यांनी सांगितले, "आत्ता महाराज जेवता जेवता पानावरून उठले. हात असा खांद्याएवढा पुढे धरून किती तरी वेळ उभे होते. बोलावं तर बोलेनात. मग हुश्श करून खाली बसले आणि हात धुवायला पाणी मागितलं."

महाराजांच्या उजव्या तळव्याला शिंगराचे पांढरे-तांबडे केस चिकटले होते आणि बोटांना भिजलेल्या हरभऱ्यांची टरफले. पाण्याचा तांब्या अजून भरलेला तसाच होता.

हिरोजींना पाहताच महाराज म्हणाले, "या, बाबर. पोर सुखरूप घरी गेली ना?"

एवढे शब्द ऐकले मात्र, हिरोजींचा बांध फुटला. ते महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी तुम्हाला हसलो. त्या मुक्या जीवाला उपाशी मारलं. आणि तुम्ही माझ्याच घरचा दिवा राखलात!"

महाराजांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नका. पोर वाचली, शिंगरूही वाचलं. आजचा दिवस आनंदाचा आहे. पण मला बोलावलं कुणी, ते विसरू नका."

हिरोजी उठले, वळले आणि दाराशी अंग चोरून उभ्या असलेल्या सटवाजीच्या पायांशी वाकले. सटवाजी घाबरून मागे सरकला, "अहो हिरोजीराव, हे काय, हे काय!" म्हणत त्यांना उठवू लागला, पण ते उठेनात. शेवटी त्याला काही सुचेना, तेव्हा तोही त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला. दोघे एकमेकांचे हात धरून रडू-हसू लागले आणि साऱ्या मठीने महाराजांच्या नावाचा जयजयकार केला.