धुराचं दार

अमृतराव देशमुखांनी गावच्या कोष्ट्यांसाठी वीस नवी घरं बांधायला काढली. सटवाजी गवंड्यानं प्रत्येक चुलीवर धुराडं काढायची परवानगी मागितली. देशमुख म्हणाले, "चांगल्या छपराला भोकं कशाला? धुराला दार आपोआप सापडतं."

सटवाजी कामाला लागला. पहिलं घर उभं राहिल्यावर म्हणाला, "सरकार, नव्या चुलीवरचं पहिलं दूध आपल्या हातानं उतू जाऊ द्या."

मानाचं काम, देशमुख चुलीपुढे बसले. दूध उतू जाईपर्यंत उठायचं नाही, असा रिवाज. पण श्रावणातली लाकडं ओलसरच. थोड्याच वेळात देशमुख डोळे पुसत, खोकत अंगणात आले.

"सटव्या, आत नुसता धूर कोंडलाय."

"होय सरकार. आपल्याला दार लगेच सापडलं. तो अजून शोधतोय."

दूध दुसऱ्या दिवशी उतू गेलं, छपराला धुराडं काढल्यावर.