मावशीची गुलाबी शिंपली

चिचुंद्री केवढी? आईच्या अंगठ्याएवढी. पुढे लांब नाक. मागे लांब शेपूट. मधे थोडीशी चिचुंद्री.

तिचं नाव बिटकी.

बिटकीला होती एक मावशी. मावशी राहायची समुद्रापाशी, केवड्याच्या बनात. एकदा मावशीने खीर पाठवली. कशात पाठवली? शिंपलीत! शिंपली बाहेरून पांढरी. आतून गुलाबी. उन्हात धरली की लकलक, लकलक.

खीर संपली. चाटूनपुसून संपली. आता शिंपली परत द्यायला हवी.

आई म्हणाली, "बिटके, आज मावशीकडे जा. शिंपली देऊन ये. पण रिकामी नेऊ नकोस हं. दुसऱ्याचं भांडं कधी रिकामं परत देतात का?"

"नाही देत," बिटकी म्हणाली.

मग आईने शिंपलीत ठेवली एक खोबऱ्याची वडी. घरात तेवढीच उरली होती. तीच ठेवली.

बिटकी खूश! मावशीकडे करवंटीचा झोका आहे. मावशी झोका देते. मावशी मिशा विंचरते. मावशी म्हणते, "आली गं आली, माझी बाय आली!" बिटकी कालपासून तेच घोकत होती.

बिटकी निघाली. डोक्यावर शिंपली. शिंपलीत वडी. तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट वर, नाक पुढे!

वाटेत पाण्याचा पाट होता. पाटाजवळ एक दगड होता. बिटकीचं लक्ष होतं झोक्याकडे. मग काय व्हायचं? तेच झालं.

धप्प!

शिंपली निसटली. गरगर, गरगर, गरगर... गडप!

कुठे गडप? खेकड्याच्या बिळात.

बिटकीने नाक आत घातलं. खेकड्याने नांगी बाहेर काढली. बिटकीने लगेच नाक बाहेर काढलं.

मग ती लांबूनच म्हणाली,
"खेकडोबा खेकडोबा, शिंपली दे.
शिंपली नेईन मावशीला.
रिकामी नाही न्यायची बाई, रिकामी नाही न्यायची!"

खेकडा म्हणाला, "असंच कसं देऊ? मला भूक लागलीय. घावन आण घावन. मग देतो."

आणि बिळातून आवाज आला. मचमच, मचमच.

बिटकीला तो ऐकू आला नाही. आपल्याला आला. आपण गप्प बसू.

बिटकी निघाली काकूकडे. तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट वर, नाक पुढे!

वाडीत राहायची अंबूकाकू. तिची घावनं पांढरीशुभ्र. मऊ मऊ. जाळीदार. काकूने तवा चुलीवर ठेवला होता.

"काय गं बाय, इकडे कुठे?" काकू म्हणाली.

बिटकी म्हणाली,
"काकू काकू, घावन दे.
घावन देईन खेकड्याला.
खेकडा देईल शिंपली.
शिंपली नेईन मावशीला.
रिकामी नाही न्यायची बाई, रिकामी नाही न्यायची!"

काकू म्हणाली, "असंच कसं देऊ? नुसतं कोरडं घावन कुणी देतं का? वर नारळाचा गोड रस नको? आणि घरात नारळ नाही. जा, माडाकडून नारळ आण. मग देते."

बिटकी निघाली माडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट वर, नाक पुढे!

माड उंच. उंच म्हणजे किती उंच? बिटकी उताणी पडली, तेव्हा कुठे शेंडा दिसला. मग ती पडल्या पडल्याच ओरडली,
"माडदादा माडदादा, नारळ दे.
नारळ देईन काकूला.
काकू देईल घावन.
घावन देईन खेकड्याला.
खेकडा देईल शिंपली.
शिंपली नेईन मावशीला.
रिकामी नाही न्यायची बाई, रिकामी नाही न्यायची!"

माड म्हणाला, "असंच कसं देऊ? माझा घसा पडलाय कोरडा. रहाटाकडून पाणी आण. मग देतो."

बिटकी उठली. पाठीची माती झटकली. निघाली रहाटाकडे. तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट वर, नाक पुढे!

रहाट विहिरीवर बसला होता. नुसता बसला होता. विहिरीत पाणी होतं. रहाटाला फिरायचंच नव्हतं.

बिटकी म्हणाली,
"रहाटभाऊ रहाटभाऊ, पाणी दे.
पाणी देईन माडाला.
माड देईल नारळ.
नारळ देईन काकूला.
काकू देईल घावन.
घावन देईन खेकड्याला.
खेकडा देईल शिंपली.
शिंपली नेईन मावशीला.
रिकामी नाही न्यायची बाई, रिकामी नाही न्यायची!"

"कुर्रर्र कुई!" रहाट म्हणाला. "असंच कसं देऊ? जरा फिरलो की कंबर दुखते. कुर्रर्र कुई! समईकडून तेल आण. मग देतो."

बिटकी निघाली समईकडे. तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट वर, नाक पुढे!

समई कुठे होती? काकूच्याच ओटीवर! म्हणजे बिटकी परत तिथेच आली. बिचारीचे पाय दुखले. पण करते काय?

समई पितळेची. पोटात कालचं तेल. डोक्यावर पितळेचा मोर. मोर मोठा देखणा होता, पण काळा पडला होता. कावळाच दिसत होता म्हणा ना!

बिटकी म्हणाली,
"समईताई समईताई, तेल दे.
तेल देईन रहाटाला.
रहाट देईल पाणी.
पाणी देईन माडाला.
माड देईल नारळ.
नारळ देईन काकूला.
काकू देईल घावन.
घावन देईन खेकड्याला.
खेकडा देईल शिंपली.
शिंपली नेईन मावशीला.
रिकामी नाही न्यायची बाई, रिकामी नाही न्यायची!"

समई म्हणाली, "असंच कसं देऊ? माझा अवतार बघ! आज पाहुणे यायचेत. अशी काळी मी उभी राहू? चिंच आण. मला लख्ख घास. मग देते."

बिटकी निघाली चिंचेकडे. तुरुतुरु... तुरु... शेपूट खाली, नाक खाली.

ऊन उतरायला लागलं होतं. मावशी दारात उभी असेल. वाट बघत असेल. झोका नुसताच हलत असेल. बिटकीला रडू यायला लागलं. तिने ते गिळलं.

चिंचेचं झाड म्हातारं होतं. वाडीच्या पार टोकाला होतं. एकटंच होतं.

बिटकी म्हणाली,
"चिंचबाई चिंचबाई, चिंच दे.
चिंच देईन समईला.
समई देईल तेल.
तेल देईन रहाटाला.
रहाट देईल पाणी.
पाणी देईन माडाला.
माड देईल नारळ.
नारळ देईन काकूला.
काकू देईल घावन.
घावन देईन खेकड्याला.
खेकडा देईल शिंपली.
शिंपली नेईन मावशीला.
रिकामी नाही न्यायची बाई, रिकामी नाही न्यायची!"

चिंच म्हणाली, "असंच कसं देऊ?"

झालं! बिटकीने डोळे मिटले. आता हिला काय हवं? आता कुठे जायचं?

चिंच म्हणाली, "जो येतो तो चिंचा पाडतो. पाडतो आणि पळतो. कुणी बसत म्हणून नाही. आलीस ना? मग घटकाभर बस."

"बस्स?" बिटकी म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच. बस गं."

बिटकीला घाई होती. खूप घाई होती. पण ती बसली. मुळाला पाठ टेकून नीट बसली.

चिंच म्हणाली, "कुणाची गं तू? आई बरी आहे ना? जेवलीस का? काय जेवलीस?"

बिटकीने सगळं सांगितलं. आई सांगितली. खीर सांगितली. करवंटीचा झोका सांगितला. माडापुढे उताणी पडली, तेही सांगितलं. चिंच हसली. खळखळून हसली. फांद्या हलल्या. टप! टप! टप टप टप! चिंचाच चिंचा!

"घे," चिंच म्हणाली. "हवी ती घे."

बिटकीने एक घेतली. एकच उचलता आली तिला. मग म्हणाली, "येते हं, चिंचबाई."

"ये बाळा ये. अशीच येत जा."

बिटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट वर, नाक पुढे!

चिंच दिली समईला. घस घस घस! काळा मोर गेला, पिवळा मोर आला. समई झाली लख्ख!

समईने दिलं तेल. पानाच्या द्रोणात एक थेंब.

तेल दिलं रहाटाला. कुर्रर्र कुई, कुर्रर्र कु, कुर्रर्र... गप्प! रहाट फिरला गरागरा.

रहाटाने दिलं पाणी. सळसळ सळसळ, पाणी गेलं पाटातून.

पाणी दिलं माडाला. घटाघटा घटाघटा! माड प्यायला पोटभर.

माडाने दिला नारळ. "बाजूला हो गं!" माड म्हणाला. बिटकी बाजूला झाली. धाड! नारळ घरंगळला थेट काकूच्या दारात.

नारळ दिला काकूला. काकूने नारळ फोडला. खवला. रस काढला. रसात गूळ घातला. तव्यावर पीठ ओतलं. चर्रर्र! काय वास सुटला म्हणून सांगू!

काकूने दिलं घावन. बिटकीएवढं इवलंसं घावन. वर गोड गोड रस. "जप हो बाय. आता पडू नकोस," काकू म्हणाली.

बिटकी पडली नाही. दगड आला. बिटकी दगडाला वळसा घालून गेली.

घावन दिलं खेकड्याला. खेकड्याचे डोळे चमकले.

खेकड्याने दिली शिंपली. पांढरी पांढरी, गुलाबी गुलाबी, लकलक लकलक, आणि...

आणि रिकामी!

"माझी वडी?" बिटकी म्हणाली.

खेकडा इकडे सरकला. खेकडा तिकडे सरकला. मग म्हणाला, "वडी होय? ती... ती मगाशीच... छान होती हो!"

बिटकी मटकन खाली बसली. मघाशी गिळलेलं रडू सगळं बाहेर आलं. "रिकामी शिंपली! आता मावशीकडे कशी जाऊ? सगळीकडे गेले, सगळ्यांना सगळं दिलं, आणि माझी शिंपली रिकामीच!"

खेकडा घावनाकडे बघत राहिला. त्याला ते सगळं हवं होतं. खरंच हवं होतं. शेवटी त्याने नांगी उचलली.

कट्!

घावनाचे झाले दोन तुकडे. एक राहिला खेकड्याकडे. एक गेला शिंपलीत. वर त्याने रसही ओतला.

"ने," खेकडा म्हणाला. "आमच्यातही रिकामं भांडं परत देत नाहीत."

बिटकीने नाक पुसलं. लांब नाक, वेळ लागला. मग शिंपली डोक्यावर घेतली. तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट वर, नाक पुढे!

केवड्याचं बन आलं. मावशी दारातच उभी होती.

"आली गं आली, माझी बाय आली!"

मावशीने शिंपली बघितली. "अगंबाई, घावन! किती दिवसांनी!" मावशीने घावन खाल्लं. बोटंही चाटली. मग बिटकीला झोक्यात बसवलं. झुई झुई! मग बिटकीच्या मिशा विंचरल्या. मग बिटकी मावशीच्या कुशीत झोपली.

सकाळ झाली. बिटकी म्हणाली, "येते हं, मावशी."

"थांब थांब," मावशी म्हणाली. "रिकाम्या हाताने कशी पाठवू? आईला खीर ने."

खीर दिली. कशात दिली?

शिंपलीत!

बिटकीने शिंपलीकडे बघितलं. "अगं मावशी, ही तर मी परत द्यायला आणली होती!"

"मग पुन्हा परत द्यायला ये की," मावशी म्हणाली. "झोका आहेच."

बिटकी हसली. शिंपली पुन्हा बिटकीच्या डोक्यावर. शिंपलीत खीर. तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट वर, नाक पुढे!

वाटेत पाट आला. बिळातून दोन डोळे वर आले. "काय गं बिटके, आज शिंपलीत काय आहे?"

"काही नाही!" बिटकी म्हणाली, आणि अशी पळाली, अशी पळाली, की घरीच जाऊन थांबली.

खीर गेली पोटात, गोष्ट राहिली ओठात. शिंपली कुठे आहे? बिटकीकडे. आणि आता ती परत द्यायचीय.

रिकामी नाही न्यायची बाई, रिकामी नाही न्यायची!